मजुरी न घेता उभारलेली भिंत

मार्च महिन्यात अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांना आठवडाभराची सुट्टी असते. थंडी सरत आलेली असते आणि वार्षिक परीक्षा अजून लांब असतात. बरीच मुले या सुट्टीत समुद्रकिनारे गाठतात. मात्र हजारो मुले-मुली वेगळी वाट धरतात. दहा-पंधरा जणांचा गट करायचा, आळीपाळीने गाडी चालवत शेकडो मैल जायचे, रात्री एखाद्या चर्चच्या सभागृहात जमिनीवर पथारी पसरायची आणि सकाळी आठ वाजता डोक्यावर हेल्मेट चढवून कामावर हजर व्हायचे. काम एकच, ज्याला कधी पाहिलेही नाही अशा माणसाचे घर बांधायचे.

२०२४ मध्ये या सुट्टीच्या दिवसांतच रमजान आला. अमेरिकेत पहिला रोजा ११ मार्चला होता. आदल्याच दिवशी, १० मार्चला, तिथली घड्याळे उन्हाळ्यासाठी एक तास पुढे सरकली होती. २०२५ मध्ये रमजान १ मार्चला सुरू झाला आणि सुट्टीचे बहुतेक आठवडे त्यातच आले. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकत जातो. म्हणून सुट्टी आणि रोजे अशी काही वर्षेच एकत्र येतात. अशा वर्षी गटातल्या मुस्लिम विद्यार्थ्यापुढे एक साधा पण अवघड प्रश्न उभा राहतो. पहाटे सहेरी करायची आणि मग सुमारे तेरा तास पाण्याचा थेंबही न घेता हातोडा चालवायचा की प्रवासाची सवलत घेऊन रोजा पुढे ढकलायचा? छपरावर चढलेल्या माणसाला भोवळ आली, तर धोका त्याला एकट्याला नसतो, खाली उभ्या असलेल्यालाही असतो.

या प्रश्नाचे उत्तर चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका प्रवासात सापडते. पण त्याआधी ही घरे कोण बांधते आणि का बांधते, हे पाहायला हवे. कारण त्या गोष्टीत रमजानशी नाते सांगणारे बरेच काही आहे.

एका ताटात जेवणारी माणसे

अमेरिकेच्या दक्षिणेत जॉर्जिया राज्यात अमेरिकस नावाचे एक छोटे गाव आहे. १९४२ मध्ये क्लॅरेन्स जॉर्डन या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने गावाजवळ 'कोइनोनिया' नावाची शेतवस्ती सुरू केली. जॉर्डन शेतीशास्त्राचे पदवीधर होते आणि ग्रीक भाषेचे अभ्यासकही. काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एकत्र राबावे, सारखी मजुरी घ्यावी आणि एकाच टेबलावर बसून जेवावे, एवढाच त्यांचा नियम होता. त्या काळात दक्षिणेत काळ्यांचे नळ वेगळे होते, शाळा वेगळ्या होत्या, बसमधली आसनेही वेगळी होती. एकत्र जेवणे हा तिथे मोठा गुन्हा ठरला. १९५० च्या दशकात या वस्तीवर गोळ्या झाडल्या गेल्या, रस्त्याकाठच्या त्यांच्या दुकानात बॉम्ब फुटले, आसपासच्या व्यापाऱ्यांनी त्यांच्याशी देवाणघेवाण बंद केली. तरी वस्ती टिकली.

१९६५ च्या अखेरीस मिलर्ड फुलर हा तरुण वकील पत्नी लिंडासह तिथे येऊन पोचला. वयाच्या तिशीच्या आतच त्याने लाखो डॉलर कमावले होते, पण पैशाच्या मागे धावताना संसार मोडायला आला होता. नवरा-बायकोने ठरवून आपली संपत्ती दान केली होती. जॉर्डन आणि फुलर यांच्या बोलण्यातून १९६८ मध्ये एक योजना निघाली. आसपासच्या शेतमजुरांची घरे म्हणजे गळकी खोपटी होती. बँक त्यांना दारात उभे करत नव्हती. मग ज्याला घर हवे त्याने स्वतः राबावे, सोबतीला स्वयंसेवकांनी राबावे, घर नफा न घेता विकावे आणि किंमत वर्षानुवर्षे छोट्या हप्त्यांनी फेडून घ्यावी, असे ठरले. व्याज मात्र एक सेंटही घ्यायचे नाही. आलेले हप्ते एका निधीत जमा व्हायचे आणि त्यातून पुढच्याचे घर उभे राहायचे.

पहिले घर पूर्ण होण्याआधीच, ऑक्टोबर १९६९ मध्ये जॉर्डन वारले. फुलर दांपत्याने हेच काम आफ्रिकेतल्या झैर देशात करून पाहिले आणि परत आल्यावर १९७६ मध्ये 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था स्थापन केली. आज ही संस्था कितीतरी देशांत काम करते.

गरिबाला दिलेल्या पैशावर व्याज घेऊ नये, ही आज्ञा बायबलच्या 'निर्गम' या पुस्तकात आहे. फुलर यांनी तिचाच आधार घेतला. मुस्लिम वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. कुरआन शरीफने व्याज निषिद्ध ठरवले आहे. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला हात सुटेपर्यंत मुदत द्यावी आणि कर्ज सोडून दिले तर ते अधिक चांगले, अशी शिकवण सूरह बकराहमध्ये आहे. कसलाही लाभ न घेता, केवळ अडलेल्याची अडचण भागावी म्हणून दिलेल्या उसन्याला 'कर्ज-ए-हसना' म्हणतात. जॉर्जियातल्या ख्रिस्ती शेतवस्तीवर ज्या नियमाने घरे उभी राहिली, तो नियम आपल्या गल्लीतल्या मौलानांना समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

आडवी भिंत, उभी भिंत

या संस्थेने १९८९ मध्ये 'कॉलेजिएट चॅलेंज' नावाचा उपक्रम सुरू केला. कॉलेजच्या मुलांनी सुट्टीचा आठवडा द्यायचा, प्रवासाचा खर्च स्वतः उभा करायचा आणि वर कामासाठी थोडी देणगीही गोळा करून आणायची. त्यासाठी ही मुले वर्षभर केक विकतात, गाड्या धुऊन देतात, ओळखीच्यांना पत्रे लिहितात. म्हणजे मजुरी तर मिळत नाहीच, उलट राबण्यासाठी पदरमोड करावी लागते.

मुलांना काम येत नसते. पहिल्या दिवशी कामावरचा मुकादम हातोडा कसा धरायचा इथपासून शिकवतो. मदतीला बहुधा निवृत्त झालेली स्थानिक मंडळी असतात. कोणी पूर्वी सुतार असतो, कोणी शिक्षक. पहिल्या तासाला खिळ्यांपेक्षा बोटांवर जास्त घाव बसतात. वाकडे झालेले खिळे उपटून काढण्यात सकाळ जाते. दुपारपर्यंत हात बसतो.

अमेरिकेतली साधी घरे बहुतेक लाकडी सांगाड्याची असतात. तिथली भिंत आधी जमिनीवर आडवी तयार होते. खाली एक लांब फळी, वर एक लांब फळी आणि मधे साधारण सोळा-सोळा इंचांवर उभे दांडे. सगळे खिळ्यांनी ठोकून झाले की मुकादम सर्वांना हाक मारतो. आठ-दहा जण एका रांगेत वाकतात, एकाच वेळी भिंत उचलतात आणि हातांवर तोलत तोलत उभी करतात. एक जण पाणसळ लावून ती सरळ आहे का ते बघतो, दुसरा तिरक्या फळीने टेकू देतो. पाच मिनिटांपूर्वी जिथे मोकळी जमीन होती, तिथे खोली दिसू लागते. खिडकीच्या जागी आभाळाचा चौकोन दिसतो. या कामावर जाऊन आलेल्यांना बाकी काही आठवो न आठवो, भिंत उचलल्याचा तो क्षण आठवतो. एकट्याने ती हलतही नाही.

ज्या कुटुंबाचे घर असते तेही कामावर असते. घर मिळवण्यासाठी त्यांना काही शे तास राबावे लागते, स्वतःच्या घरावर आणि दुसऱ्यांच्या घरांवरही. त्याला संस्थेत 'घामाचा वाटा' अशा अर्थाचे नाव आहे. त्यामुळे तिथे देणारा आणि घेणारा असे दोन गट पडत नाहीत. आईने रंगवलेली भिंत मुलगी पुढे वीस वर्षे पाहते. कामाच्या शेवटी किल्ल्या देण्याचा छोटा समारंभ होतो. त्या वेळी मुले बहुधा परत आपल्या कॉलेजात पोचलेली असतात. आपण उभ्या केलेल्या घरात दिवा लागलेला त्यांच्यातल्या फार थोड्यांना पाहायला मिळतो.

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. दोन्ही गोष्टींत माणसाचा कस लागतो आणि दोन्ही गोष्टी चार माणसे उभी राहिल्याशिवाय पार पडत नाहीत.

पूर ओसरल्यावर

या सुट्टीचे खरे मोल २००६ मध्ये दिसले. आदल्या वर्षी, २९ ऑगस्ट २००५ रोजी, कॅटरिना वादळाने अमेरिकेचा दक्षिण किनारा झोडपला. बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. सर्वांत मोठा फटका गरीब आणि काळ्या वस्त्यांना बसला. पुढच्या वसंताच्या सुट्टीत देशभरातून हजारो विद्यार्थी तिथे उतरले. आधी बांधायचे नव्हतेच, उपसायचे होते. घराघरांतला चिखल, कुजलेले फर्निचर, बुरशीने काळ्या पडलेल्या भिंती. तोंडावर मास्क बांधून मुलांनी लोकांचे संसार फावड्याने बाहेर काढले. ओल्या चिखलात मधेच एखादा लग्नाचा फोटो सापडायचा. तो बाजूला ठेवायचा, पुसायचा आणि पुढे जायचे.

त्यानंतर बांधकाम सुरू झाले. न्यू ऑर्लिन्स हे जॅझ संगीताचे माहेरघर. तिथले वादक बेघर होऊन इतर शहरांत पांगले होते. त्याच शहराचे कलावंत हॅरी कॉनिक ज्युनियर आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस यांच्या पुढाकाराने हॅबिटॅटने शहराच्या अप्पर नाइन्थ वॉर्डमध्ये 'म्युझिशियन्स व्हिलेज' वसवले. रंगीबेरंगी अशी ७२ घरे तिथे उभी राहिली. गावातले सूर गावात परत यावेत म्हणून अनोळखी माणसांनी खिळे ठोकले.

घरे बांधून वैर मिटवण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, स्विस अभियंता पिएर सेरेझोल याने फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एस्न या उद्ध्वस्त गावात शिबिर भरवले. राबणाऱ्यांत जर्मन तरुणही होते. दोन वर्षांपूर्वी ज्यांचे देश एकमेकांवर तोफा डागत होते, ते एकाच गावाची डागडुजी करत होते. गावच्या अधिकाऱ्यांना ते रुचले नाही आणि काही महिन्यांतच काम थांबवावे लागले, पण त्यातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही चळवळ उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला, तेव्हा हाच सेरेझोल भारतात आला. राजेंद्र प्रसाद यांच्या मदतकार्याशी जोडून घेऊन त्याने आणि त्याच्या साथीदारांनी बिहारच्या शेतकऱ्यांसाठी घरे बांधली.

मावळातली घरे

या कहाणीचा एक पत्ता महाराष्ट्रातही आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे प्लेन्स हे गाव अमेरिकसपासून अगदी जवळ. राष्ट्राध्यक्षपद गेल्यानंतर १९८४ पासून ते आणि पत्नी रोझलिन हॅबिटॅटच्या कामावर जाऊ लागले. न्यूयॉर्कमधल्या एका पडक्या इमारतीची दुरुस्ती करायला ते बसने गेले होते. तेव्हापासून दरवर्षी एक आठवडा ते कुठेतरी घरे बांधत राहिले, वयाची नव्वदी उलटली तरी. २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

२००६ मध्ये त्यांनी हा आठवडा लोणावळ्याजवळच्या पाटण गावात घालवला. त्या वर्षी दिवाळी २१ ऑक्टोबरला होती आणि रमजान ईद २५ ऑक्टोबरला. फराळ आणि शीरखुर्मा एकाच आठवड्यात घरोघर फिरला होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात पाटणमध्ये शंभर घरांचे काम सुरू झाले. जगभरातून आलेल्या स्वयंसेवकांत ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार स्टीव्ह वॉ होता, हॉलिवूडचा नट ब्रॅड पिटही होता. ८२ वर्षांचे माजी राष्ट्राध्यक्ष मावळातल्या उन्हात कमरेला अवजारांचा पट्टा बांधून उभे होते.

कार्टर यांना महाराष्ट्राची ओळख त्याहून जुनी होती. त्यांच्या आई लिलियन कार्टर या परिचारिका. पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून वयाच्या ६८ व्या वर्षी त्या मुंबईला आल्या आणि विक्रोळीत राहून सुमारे दोन वर्षे त्यांनी रुग्णसेवा केली. सेवेला वयाची अट नसते, हे त्या घरात आईने आधीच दाखवून दिले होते.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनाही हा रस्ता नवा नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. सुरुवातीला ३७ विद्यापीठांतले ४० हजार विद्यार्थी तिच्यात होते. दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर, पहाटेची प्रभातफेरी, दुपारपर्यंत श्रमदान, शाळेच्या व्हरांड्यात पंगत आणि रात्री गावकऱ्यांसमोर पथनाट्य, हे चित्र महाराष्ट्रातल्या हजारो घरांतल्या आजच्या आई-वडिलांना तोंडपाठ आहे. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथ इथे बाबा आमटे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या उन्हात शहरी मुलांच्या हातात तिथे कुदळ आली. हाताला आलेले फोड मुलांनी घरी नेऊन अभिमानाने दाखवले.

एक रास्त शंका

या साऱ्यावर एक शंका नेहमी घेतली जाते आणि ती चुकीची नाही. मुले प्रवासावर जेवढा पैसा खर्च करतात, तेवढा थेट पाठवला तर गावातल्याच गवंड्याला आणि सुताराला मजुरी मिळणार नाही का? आठवडाभरासाठी आलेला नवखा मुलगा जेवढे काम करतो, तेवढे काम कसलेला कारागीर एका दिवसात उरकतो. शिवाय परत जाताना मुलांच्या हाती उरतात ते फोटो. गरिबाचे घर त्या फोटोंची पार्श्वभूमी होऊन बसते.

रमजानचा महिना अशा शंकेकडे पाहायला शिकवतो. दानाचा देखावा केला, उपकार बोलून दाखवला की दान वाया जाते, हे कुरआन शरीफमध्ये स्पष्ट आहे. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, अशी हदीस आहे. म्हणून प्रश्न नेमका असा विचारावा लागतो की घर कोणासाठी बांधले गेले? ते कुटुंबासाठी असेल, ते कुटुंब स्वतः त्यात राबत असेल, कुशल कारागीर गावातलाच असेल आणि मुले त्याच्या हाताखाली गड्यासारखी असतील, तर ती सेवा आहे. मुलांच्या फोटोसाठी भिंत पाडून पुन्हा बांधली जात असेल, तर ती सहल आहे. दोन्हींतला फरक विटेला कळत नसला तरी घरमालकाला कळतो.

जिथे काम नीट होते, तिथे आणखी एक गोष्ट घडते. अमेरिकेत अनेक शहरांत चर्च, सिनेगॉग आणि मशीद यांची माणसे मिळून एकाच कुटुंबाचे घर बांधतात. घर मिळणाऱ्याचा धर्म विचारला जात नाही. ओळंबा कोणत्या भाषेत बिस्मिल्ला केली यावर सरळ लोंबत नाही.

तंबू कोणी ठोकले?

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे. रोजा ठेवावा की काम करावे?

हजरत अनस (र.) यांनी सांगितलेली एक घटना बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) आणि त्यांचे साथीदार प्रवासात होते. दिवस कडक उन्हाचे. काहींनी रोजा ठेवला होता, काहींनी प्रवासाची सवलत घेतली होती. सावली इतकी कमी की काही जण केवळ हाताने ऊन अडवत होते. मुक्कामाला पोचताच रोजेदार थकून जमिनीवर पडले. ज्यांचा रोजा नव्हता त्यांनी उठून तंबू ठोकले, जनावरांना पाणी पाजले. त्यावर प्रेषितांनी सांगितले की आजचे सारे पुण्य रोजा न ठेवणारे घेऊन गेले.

हा निवाडा ऐकून अनेक जण थबकतात. रमजानमधल्या रोजाचे महत्त्व कोणत्याही मुसलमानाला वेगळे सांगावे लागत नाही. तरी त्या दिवशी पुण्य तंबूच्या खुंट्यांजवळ होते. थकलेल्याच्या डोक्यावर छप्पर आणि मुक्या जनावराच्या तोंडी पाणी, याला प्रेषितांनी उपासनेच्या बरोबरीची जागा दिली. याचा अर्थ रोजा सोडावा असा नाही. प्रवाशाला आणि आजाऱ्याला सवलत आहे, नंतर तेवढे रोजे भरून काढायचे आहेत, कारण अल्लाहला माणसांसाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको, असे सूरह बकराहमध्ये रोजांच्या हुकुमासोबतच आले आहे. ज्याला झेपते त्याने रोजा ठेवावा आणि जमिनीवरचे काम पत्करावे, फळ्या मोजाव्यात, रंग द्यावा. ज्याला छपरावर चढायचे आहे त्याने सवलत घेतली तर त्याला कोणी कमी लेखू नये. त्या प्रवासातही साथीदारांनी एकमेकांना नावे ठेवली नव्हती.

इस्लामच्या इतिहासातले पहिले मोठे सामूहिक बांधकामही असेच झाले. मदिनेत प्रेषितांनी मशिदीसाठी जी जागा निवडली ती दोन अनाथ मुलांची होती. मुले ती फुकट द्यायला तयार होती. प्रेषितांनी ते मान्य केले नाही, किंमत चुकती केली आणि मगच काम सुरू झाले. मातीच्या विटा, खजुराच्या खोडांचे खांब, वर झावळ्यांचे छप्पर. साथीदारांसोबत प्रेषित स्वतः विटा वाहत होते. इतर जण एकेक वीट आणत असताना हजरत अम्मार (र.) दोन-दोन विटा आणत होते. त्याच मशिदीच्या एका कडेला 'सुफ्फा' नावाचा ओटा होता. ज्यांना घरदार नव्हते असे गरीब लोक तिथे राहत, शिकत आणि मिळेल ते वाटून खात. अल्लाहच्या घरात बेघरांसाठी जागा पहिल्यापासूनच होती.

भिंतीखाली काय होते?

कुरआन शरीफच्या सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या एका प्रवासाची कथा आहे. त्यांच्यासोबत अल्लाहचे एक ज्ञानी सेवक होते, परंपरेने त्यांना हजरत खिज्र (अ.) म्हटले जाते. दोघे भुकेलेले एका गावात पोचले. त्यांनी जेवण मागितले, गावाने पाहुणचार नाकारला. त्याच गावात एक भिंत पडायला आलेली दिसली. खिज्र यांनी ती सरळ उभी केली. मूसांना राहवले नाही. ते म्हणाले, निदान याची मजुरी तरी घ्यायची होती.

उत्तर नंतर मिळाले. ती भिंत गावातल्या दोन अनाथ मुलांची होती. तिच्याखाली त्यांचे धन पुरलेले होते. त्यांचा बाप नेक माणूस होता. भिंत पडली असती तर धन भलत्याच्याच हाती गेले असते. मुले मोठी होईपर्यंत ती उभी राहायला हवी होती.

उपाशी प्रवासी, अनोळखी गाव, मजुरी नाही आणि भिंत कोणाची हे ठाऊकही नाही. सुट्टीत गाडी काढून निघालेल्या मुलांची गोष्ट याहून फार वेगळी नाही. आपण उभी केलेली भिंत कोणाचे काय जपणार आहे, हे त्यांनाही कळत नाही. एखाद्या घरात त्या भिंतीआड एखादी मुलगी अभ्यास करून शिकेल, एखाद्या म्हाताऱ्याला पावसाळी रात्री शांत झोप लागेल. माणूस मेल्यानंतरही ज्याचे पुण्य चालू राहते त्या दानाला 'सदका-ए-जारिया' म्हणतात. ज्या घराच्या हप्त्यांतून पुढचे घर बांधले जाते, त्याला दुसरे नाव शोधण्याची गरज नाही.

रमजानचे दिवस संपत येतील. ईदच्या नमाजेआधी फितरा दिला जाईल, जकातीचा हिशेब होईल. गावात कुठेतरी एखाद्या विधवेच्या घराचे पत्रे गेल्या पावसाळ्यात उडालेले असतील आणि तिने त्यावर विटा ठेवून वर्ष काढलेले असेल. मृगाला अजून अवकाश आहे. कॉलेजच्या चार मुलांनी एक रविवार काढला, एकाने शिडी आणली, एकाने जे-हुक आणले आणि गल्लीतल्या सुताराने तासभर दाखवून दिले, तर पहिल्या पावसाला त्या घरात पातेली मांडावी लागणार नाहीत. शिडी धरणारा रोजेदार असेल, वर चढणारा त्याचा वर्गमित्र असेल. संध्याकाळी खजूर दोघांनीही खावा. त्या दिवशीचे पुण्य कोणी नेले, याचा हिशेब करणारा वेगळा आहे.